वापरून पाहा, आवडलं तर पैसे पाठवा

फोनमध्ये नवं ॲप घेताना आपण फार विचार करत नाही. नाव शोधायचं, बटण दाबायचं, नाही पटलं तर काढून टाकायचं. पण एकट्यादुकट्या माणसाने लिहिलेला छोटासा प्रोग्राम अनोळखी लोकांपर्यंत पोचावा आणि त्याच्या कष्टाचे पैसेही त्याला मिळावेत, हे जमायला बराच काळ जावा लागला. प्रोग्राम पोचवायची रीत बदलली की प्रोग्रामचं रूपही बदलायचं, म्हणून हा सगळा प्रवास मी त्या अंगाने मांडतो आहे.

सुरुवात एका तक्रारीपासून करायला हवी. फेब्रुवारी 1976 मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं. अल्टेअर या संगणकासाठी त्यांनी सहकाऱ्यांसोबत बेसिक या प्रोग्राम लिहायच्या भाषेची आवृत्ती तयार केली होती. ती वापरणारे पुष्कळ, पण विकत घेणारे अल्टेअरच्या मालकांपैकी 10 टक्क्यांहूनही कमी, असं त्यांचं म्हणणं होतं. लोक एकमेकांच्या टेपवरून नकला करून घेत होते. फुकट मिळत असेल तर चांगलं सॉफ्टवेअर लिहायला कोण बसेल, हा त्यांचा प्रश्न रास्त होता आणि तो आजही सुटलेला नाही.

1979 साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिसिकॅल्क हे आकडेमोडीच्या तक्त्याचं सॉफ्टवेअर आलं. फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडायचा, एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहायचे, हा वर्गात दिसलेला त्रास ब्रिकलिन यांनी पडद्यावर सोडवला. या एका प्रोग्रामसाठी लोक ॲपल टू हा संगणक विकत घेऊ लागले. सॉफ्टवेअर दुकानात विकता येतं, हे त्यातून नक्की झालं. पण दुकानात जागा मिळवायला खोका, पुस्तिका, जाहिरात, वितरक असा सगळा बाडबिस्तरा लागतो. एकट्या माणसाला तो कुठून परवडणार?

याचं उत्तर 1982 मध्ये दोन माणसांना एकमेकांच्या नकळत सुचलं. अँड्र्यू फ्लुगेलमन यांनी टेलिफोनच्या तारेवरून दोन संगणक जोडणारा पीसी-टॉक लिहिला, तर जिम नॉफ यांनी नावं-पत्ते आणि नोंदी ठेवणारा पीसी-फाइल. दोघांनीही प्रोग्राममध्येच निरोप घातला: हा वापरून पाहा, मित्रांना नक्कल द्या, आवडला तर आम्हाला पैसे पाठवा. पुढे दोघांची गाठ पडली आणि त्यांनी 25 डॉलर ही रक्कम ठरवली. ज्या नकलेबद्दल गेट्स यांची तक्रार होती, तिलाच या दोघांनी टपाल्याचं काम दिलं. मला या सगळ्या इतिहासात हीच चाल सर्वांत सुंदर वाटते. लोक नकला करणारच आहेत, तर मग त्या नकलेबरोबर आपलं नाव आणि पत्ताही जाऊ दे.

फ्लुगेलमन यांनी फ्रीवेअर हा शब्द आपल्या नावावर नोंदवून घेतला होता, त्यामुळे इतरांना वेगळा शब्द हवा होता. 1983 मध्ये पीसी-राइट हा मजकूर लिहायचा प्रोग्राम काढणारे बॉब वॉलेस यांनी शेअरवेअर हा शब्द रुळवला. त्यांची योजना आणखी पुढची होती. नोंदणी केलेल्या माणसाला स्वतःचा क्रमांक मिळे. त्याने वाटलेल्या प्रतीवरून दुसऱ्या कोणी नोंदणी केली, तर पहिल्याला त्यातला वाटा मिळे. म्हणजे वापरणाराच विक्रेता झाला.

त्या काळातल्या उपयोगी प्रोग्रामांचं मोल कळायला एक उदाहरण जवळून पाहू. डॉस या विंडोजच्या आधीच्या संगणक-प्रणालीत फाइल पुसली की ती खरोखर पुसली जात नसे. डिस्कवरच्या यादीत त्या फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर काढून तिथे एक विशिष्ट खूण ठेवली जाई आणि तिची जागा मोकळी आहे अशी नोंद होई, एवढंच. आतला मजकूर जिथल्या तिथेच असे, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. पीटर नॉर्टन यांच्या हातून एकदा फाइल चुकून पुसली गेली. ती पुन्हा टाइप करण्यापेक्षा परत आणणारा प्रोग्रामच त्यांनी लिहिला आणि त्यातून 1982 मध्ये नॉर्टन युटिलिटीज उभं राहिलं. अशा प्रोग्रामांत हरवलेल्या फाइलींची यादी समोर येई, तेव्हा प्रत्येक नावाच्या सुरुवातीला प्रश्नचिन्ह दिसे आणि प्रोग्राम विचारी: पहिलं अक्षर कोणतं होतं? ते एक अक्षर टाइप केलं की कित्येक तासांचं काम परत येई. त्यानंतर कोणतीही नवीन फाइल साठवायची नाही, हा नियम त्या पिढीला तोंडपाठ होता.

फ्लॉपी या चपट्या डिस्कवर जागा थोडी आणि संगणक टेलिफोनला जोडणाऱ्या मोडेमचा वेग कमी, म्हणून फाइल दाबून लहान करणं ही निकड होती. 1989 मध्ये फिल कॅट्झ यांनी पीकेझिप हा शेअरवेअर प्रोग्राम काढला. प्रोग्राम त्यांचा, पण झिप फाइलची आतली रचना त्यांनी सगळ्यांसाठी खुली केली. त्याचं फळ पुढे आपल्या सर्वांच्या पदरात पडलं, त्याकडे शेवटी येतो.

करमणुकीची वाट उपयोगाच्या वाटेला सारखी छेदत होती. 1984 मध्ये मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव यांनी टेट्रिस हा पडते ठोकळे रचायचा खेळ लिहिला. त्यांच्या इलेक्ट्रॉनिका 60 या यंत्रावर चित्रं उमटतच नव्हती, म्हणून ठोकळे कंसाच्या चिन्हांनी काढले होते. आयबीएम पीसीवर आल्यावर तो खेळ फ्लॉपीतून फ्लॉपीत पसरत गेला. 1989 मध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉय या खिशातल्या खेळयंत्राबरोबर तो लोकांच्या हातात आला. स्वतः पाजित्नोव यांना मात्र त्याचं मानधन 1996 पासूनच मिळू लागलं. नक्कल भराभर पसरते, पण तिच्याबरोबर नाव-पत्ता गेला नाही तर काय होतं, ते इथे दिसतं.

विंडोज 3.0 बरोबर 1990 मध्ये सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ आला. पत्ता माउसने धरायचा, ओढत न्यायचा, हव्या त्या जागी सोडायचा. कागदपत्रांच्या फाइली हलवताना लागणारी हीच हालचाल अनेकांच्या हाताला या पत्त्यांनी शिकवली. खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय असं मानणाऱ्यांनी हा दाखला जरूर लक्षात घ्यावा.

डूम हा गोळीबाराचा खेळ म्हणजे शेअरवेअरचा कळस. आयडी सॉफ्टवेअरने 10 डिसेंबर 1993 रोजी तो विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवला. पहिला भाग मोफत, पुढचे हवे असतील तर मागवा.

हातात मावणाऱ्या यंत्रांचा विचार जेफ हॉकिन्स यांनी लाकडाच्या ठोकळ्यापासून सुरू केला. खिशात मावेल एवढा ठोकळा ते बरोबर बाळगत. भेटीची वेळ ठरवायची झाली की तो काढून त्यावर काडी टेकवत, जणू खरंच नोंद करताहेत. कोणत्या गोष्टी खरोखर लागतात हे त्यांना असं कळत गेलं. 1996 मध्ये आलेल्या पाम पायलटमध्ये म्हणूनच मोजक्या गोष्टी होत्या: भेटींची वही, पत्ते, कामांची यादी, टिपणं. सर्वांत स्वस्त यंत्रात स्मृती फक्त 128 किलोबाइट. एवढ्याशा जागेत बसणारे प्रोग्राम लिहिताना एकही ओळ फुकट घालवून चालत नसे, आणि बटण दाबताच प्रोग्राम समोर हजर व्हावा ही अपेक्षा तिथूनच रुजली. पुढच्याच वर्षी नोकिया 6110 या फोनमध्ये सापाचा खेळ आला आणि फोनवर खेळ खेळायचा असतो हे जगाला समजलं.

इंटरनेट घरोघरी पोचल्यावर फ्लॉपीची गरज संपली. 1997 मध्ये आलेला, गाणी वाजवणारा विनॲम्प पुढे शेअरवेअर झाला. पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून वाढलेला व्हीएलसी हा व्हिडिओ दाखवणारा प्रोग्राम 2001 मध्ये मुक्त परवान्याखाली खुला झाला आणि आजतागायत एकही जाहिरात न दाखवता चालतो आहे. याच सुमाराला मोफत प्रोग्रामांबरोबर न मागितलेली जाहिरातबाज सॉफ्टवेअरही संगणकात घुसू लागली. पैसे पाठवा असं थेट सांगण्याऐवजी वापरणाऱ्याच्या नकळत ते वसूल करण्याची ही सवय मला फार मोठं नुकसान वाटते.

ॲपलचं ॲप स्टोअर 10 जुलै 2008 रोजी 500 ॲप्ससह उघडलं. पहिल्या तीन दिवसांतच 1 कोटी डाउनलोड झाले. लिहिणाऱ्याला तेव्हा किमतीचे 70 टक्के मिळत, उरलेले दुकानाचे. बाडबिस्तऱ्याचा प्रश्न मिटला, मात्र मित्राला नक्कल देण्याची वाट बंद झाली. वापरून पाहण्यासाठी आधी फुकट देणंही अवघड झालं, कारण ॲप एक तर विकत किंवा मोफत. 2009 मध्ये ॲपच्या आतच खरेदीची सोय आली आणि मग बहुतेकांनी मोफत देऊन आत पैसे मागण्याची रीत धरली. काहींनी माहितीच विकली. 2013 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केलेलं एक ॲप नुसती विजेरी लावायचं होतं, पण वापरणारा कुठे आहे याची माहिती ते जाहिरातदारांना पोचवत होतं.

आणि ती झिप फाइल? अँड्रॉइडचं ॲप ज्या एपीके फाइलमधून फोनमध्ये येतं, ती आतून झिपच असते. आयफोनची आयपीए फाइलही तशीच. एपीके फाइलच्या नावाचं शेपूट बदलून झिप केलं, तर कॅट्झ यांची रचना वाचणारा प्रोग्राम आतली यादी दाखवतो. त्या फाइलची पहिली दोन अक्षरं पी आणि के आहेत, फिल कॅट्झ यांच्या नावाची.