पाचवीपासून एबीसीडी? कधीच बंद झालं!

जून उजाडला की दादर-परळच्या चाळींतून एक वाक्य हमखास कानावर येतं: "मराठी शाळेत नको गं, तिथे इंग्रजी पाचवीपासून!" सांगणाऱ्या आजोबांच्या वेळी ते खरंही होतं. पण राज्याने २००० सालापासूनच पहिलीत इंग्रजी आणलं. म्हणजे त्या वेळी पहिलीत बसलेली मुलं आता स्वतःच पालक आहेत, आणि अफवा अजून ताजीतवानी!

दुसरा गैरसमज परीक्षेचा: 'नुसती घोकंपट्टी, बोलणं शून्य.' दहावीत मराठी माध्यमाला इंग्रजी ही तृतीय भाषा असते. ८० गुण लेखी, २० तोंडी व अंतर्गत. पहिली-दुसरीत तर गाणी, सूचना ऐकून कृती करणं, चित्र पाहून बोलणं यांवरच भर. आकारिक मूल्यमापनात शिक्षक वर्षभर या नोंदी ठेवतात. आता साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला बोलतं करणं किती जमतं, हा प्रश्न रास्त आहे. पण तो वर्गाच्या आकाराचा, माध्यमाचा नव्हे.

शिवाय सेमी-इंग्रजी आहेच. तिथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. प्रवेशाआधी शाळेत एवढंच विचारा: पहिलीला इंग्रजी शिकवतं कोण?