सेगा सॅटर्नला खेळच नव्हते? खुलासा

सेगा सॅटर्न हा नव्वदच्या दशकातला व्हिडिओ गेम कन्सोल. 'सॅटर्नला खेळच नव्हते, म्हणून तो बुडाला' हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते साफ चूक आहे. खेळ ढिगाने होते, पण बहुतेक जपानमध्येच अडकले. तिथे १,००० हून अधिक निघाले, अमेरिकेत पोचले सुमारे २५०. ज्यांनी फक्त अमेरिकेतली दुकानं पाहिली, त्यांनीच ही समजूत पसरवली.

एकच उदाहरण घ्या. कॅपकॉम कंपनीचा 'एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर' हा जोडीने लढण्याचा खेळ १९९७ साली जपानमध्ये सॅटर्नवर आला, तो ४ एमबीच्या रॅम कार्ट्रिजसह, म्हणजे कन्सोलची मेमरी वाढवणाऱ्या डबीसह. कार्ट्रिज वरच्या खाचेत बसवलं, की ऐन लढाईत आपला दमलेला गडी बाहेर आणि जोडीदार आत, क्षणात, अगदी आर्केडमधल्या, नाणं टाकून खेळायच्या यंत्रासारखं! सोनीच्या प्लेस्टेशन या प्रतिस्पर्धी कन्सोलवर मेमरी अपुरी पडली आणि नेहमीच्या लढतीतली ही अदलाबदलच गेली. खेळाचा जीवच तो.

सॅटर्नचे दोन प्रोसेसर सांभाळत त्रिमितीय खेळ लिहिणं जिकिरीचं होतं, हे मात्र खरं. तरीही १९९८ मध्ये चार डिस्कचा 'पँझर ड्रॅगून सागा' झालाच. मला तो त्या पिढीतला सर्वांत देखणा खेळ वाटतो. अमेरिकेत त्याच्या प्रती इतक्या थोड्या निघाल्या, की आज मूळ संचासाठी भलतेच पैसे मोजावे लागतात. आणि लोक ते मोजतात.