फील्ड चँपियनचा किताब आणि वर्षाचा करंडक

दापोलीत आमच्या शेजाऱ्यांकडे लॅब्राडॉरचे पिल्लू आले, तेव्हा सोबतच्या वंशावळीच्या कागदावर त्याच्या पणजोबाचे नाव लाल शाईत होते आणि नावाआधी ‘एफसी’ ही अक्षरे होती. विकणाऱ्याने त्याचा अर्थ ‘त्या वर्षीचा अमेरिकेतला सर्वोत्तम कुत्रा’ असा सांगितला. तो चुकीचा आहे.

‘एफसी’ म्हणजे फील्ड चँपियन. बंदुकीने पाडलेले पाखरू शोधून ते दात न रुतवता शिकाऱ्याच्या हाती आणून देणारे कुत्रे म्हणजे रिट्रीव्हर. त्यांच्या या कामाची परीक्षा फील्ड ट्रायलमध्ये होते. अमेरिकन केनेल क्लबच्या नियमांनुसार खुल्या गटात 10 गुण जमवावे लागतात, आणि त्यांत 5 गुणांचा एक तरी पहिला क्रमांक असावाच लागतो. नुसत्या दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकांवर कितीही गुण साठले तरी भागत नाही. मग त्याला एक हंगाम लागो की चार. अट पुरी करणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला हा किताब मिळतो आणि तो जन्मभर नावाला चिकटतो.

वर्षाच्या करंडकाचे तसे नाही. एखादा क्लब आपल्या सभासदांच्या कुत्र्यांची वर्षभराची कामगिरी मोजतो, सर्वांत सरस ठरलेल्याला करंडक देतो आणि पुढच्या हंगामात पाटी पुन्हा कोरी होते. आपल्याकडच्या टेनिस बॉल क्रिकेटमधला मालिकावीर आठवावा.

गोंधळाला थोडे कारणही आहे. अमेरिकेत 1941 पासून होणारी राष्ट्रीय रिट्रीव्हर चँपियनशिप वर्षातून एकदाच असते, पण ती जिंकणाऱ्याला मिळणारा ‘एनएफसी’ (नॅशनल फील्ड चँपियन) हा किताब मात्र कायमचा असतो. किंग बक या काळ्या लॅब्राडॉरने ती 1952 आणि 1953 अशी लागोपाठ दोनदा जिंकली. 1959 च्या अमेरिकन बदक-तिकिटावर (पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी घ्यावे लागणारे सरकारी तिकीट) तोंडात मॅलार्ड जातीचे रानबदक धरलेला कुत्रा तोच.

भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीला वाव उरलेला नाही, त्यामुळे इथल्या कागदांवरचे ‘सीएच’, म्हणजे चँपियन, हे प्रदर्शनाच्या रिंगणात, बांधा आणि चाल पाहून मिळालेले असते. पाखरू आणण्याशी त्याचा संबंध नाही.

वार्षिक पुरस्काराचा दावा कोणी केलाच, तर कोणत्या क्लबाचा आणि कोणत्या वर्षाचा, एवढे विचारावे. शेजाऱ्यांनी विकणाऱ्याला फोन करून विचारले, उत्तर आले, “कागदावर आहे तेवढंच.”