पार्श्वभूमी : नीळ शेतातून कारखान्यात कशी गेली

सुताला तांबडा रंग चढवायचा तर तुरटी लावून घ्यायची, मंजिष्ठाच्या नाहीतर आलीच्या मुळ्यांबरोबर उकळायचं, की काम झालं. निळीचं तसं नाही. ती पाण्यात विरघळतच नाही. म्हणून जुने रंगारी चुना, गूळ, टाकळ्याचं बी घालून हौद आंबवत. आंबण्यातून नीळ विरघळते, पाणी पिवळट-हिरवं होतं. त्यात बुचकळलेलं सूत बाहेर काढलं की हवा लागून डोळ्यांदेखत निळं पडतं. गडद छटा हवी असेल तर पुन्हा बुडवायचं, पुन्हा हवेवर धरायचं. हौद बिघडला तर सगळी मेहनत वाया. दख्खनमध्ये निराळी नावाची जातच या कामातली.

इंग्रजी अमदानीत निळीला युरोपात मोठी मागणी आली आणि तिची किंमत शेतकऱ्यांनी मोजली. 1859 साली बंगालच्या रयतेने नीळ पेरायला नकार दिला. पुढे मळेवाल्यांचा, म्हणजे रयतेकडून नीळ पिकवून घेणाऱ्या गोऱ्या मालकांचा, जोर बिहारमध्ये राहिला. चंपारणात तीनकठिया पद्धत होती : बिघ्यातल्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावायचीच.

इकडे जर्मनीत आडोल्फ फॉन बायर यांनी 1880 मध्ये प्रयोगशाळेत नीळ बनवली होती. पण ती परवडेल अशा खर्चात काढायला आणखी सतरा वर्षं गेली. 1897 मध्ये बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि शेतातल्या निळीचा भाव कोसळला. तोटा सोसायचा कोणी? मळेवाल्यांनी कुळांना निळीतून मोकळं केलं, पण त्या बदल्यात खंड वाढवला किंवा रोख रक्कम उकळली. 1917 साली गांधीजी चंपारणला पोचले तेव्हा तक्रारींत नीळ पेरण्याच्या सक्तीबरोबर ही वसुलीही होती. शाळेच्या पुस्तकात सक्ती येते, जर्मन रसायन सहसा येत नाही.

रंगवण्याची रीत मात्र फारशी बदललेली नाही. आंबवण्याऐवजी आता सोडियम हायड्रोसल्फाइट आणि कॉस्टिक सोडा वापरतात, एवढंच. डेनिमच्या गिरणीत ताण्याचे, म्हणजे कापडातले उभे, धागे दोरखंडासारखे एकत्र करून एकामागून एक हौदांतून नेतात, आणि मध्ये मध्ये हवा खाऊ देतात. अशाने नीळ धाग्याच्या बाहेरच्या थरावरच बसते, गाभा पांढरा राहतो. जीन्स गुडघ्यावर आधी विटते ती त्यामुळे.