आजीची परीक्षा, नातवाची शिकवणी

१७ मार्च २०२४ च्या रविवारी महाराष्ट्रातल्या शाळांच्या बाकांवर नेहमीचे विद्यार्थी नव्हते. नऊवारीतल्या आज्या होत्या, शेतमजूर होते, मुलाबाळांना सोबत घेऊन आलेल्या आयाही होत्या. 'उल्लास' या नवभारत साक्षरता कार्यक्रमाची राज्यातली ती पहिली चाचणी. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. योजना २०२२ ते २०२७ अशी पाच वर्षांची, १५ वर्षांवरच्या निरक्षरांसाठी. शिकवणाऱ्याला मानधन नाही, तो स्वयंसेवक. या स्वयंसेवकांत वरच्या वर्गातली शाळकरी मुलंही धरली आहेत, त्यामुळे अनेक घरांत मास्तर आणि विद्यार्थी एकाच छपराखाली सापडतात.

सरकारी परिपत्रकाची भाषा नवी असली तरी ही वाट बरीच मळलेली आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, कारण दिवसा त्यांना सवड नव्हती. पुढे मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९३९ मध्ये, मुंबईत प्रौढ शिक्षणाची समिती नेमली गेली आणि कामगार वस्त्यांत वर्ग भरू लागले. पण हे सगळं शिकलेल्यांनी न शिकलेल्यांसाठी केलेलं काम होतं. घरातलीच माणसं त्यात ओढली गेली ती साताऱ्यात.

१९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. प्राथमिक शिक्षक पुढे, त्यांच्यामागे गावातली चार बुकं शिकलेली माणसं आणि वरच्या इयत्तांतली पोरं. १४ ते ५० वयाच्या सगळ्यांना लिहितं-वाचतं करायचं. पण हिशेब माणसामागे नव्हता, गावामागे होता. गावातला शेवटचा माणूस तपासणीत उतरेपर्यंत गाव उतरलं असं धरत नसत. उतरलं की ग्रामगौरव समारंभ. या एका समारंभात मोहिमेची खरी ताकद होती, असं माझं मत आहे. शेजारच्या गावाचा ग्रामगौरव झाला आणि आपला अडला तो अमक्याच्या घरच्या दोघांमुळे, हे पारावर बोललं जाऊ लागलं की त्या घरची पोरंच पाटी घेऊन बसतात. कुणाला परिपत्रक काढावं लागत नाही. यात थोडी जबरदस्तीही असणार, ते नाकारण्यात अर्थ नाही.

१९६१ नंतर मोहीम राज्यभर पसरली आणि १९७२ मध्ये तिला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. मात्र समारंभ झाला, हार सुकले, आणि वाचायला घरात काही नव्हतं. नव्याने शिकलेले पुष्कळजण काही वर्षांत पुन्हा अंगठ्यावर आले.

१९८६ मध्ये राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना साक्षरतेच्या कामाला जुंपलं गेलं, १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं. १९९० मध्ये केरळातला एर्नाकुलम जिल्हा संपूर्ण साक्षर जाहीर झाला आणि देशभर तसंच करण्याची लाट आली. महाराष्ट्रातही जिल्ह्याजिल्ह्यांत कलापथकं, प्रभात फेऱ्या, घोषणा सुरू झाल्या. प्रभात फेरीत पोरंच पुढे असत, त्यामुळे घोषणा पाठ व्हायची पोराला आणि टोचायची घरच्यांना.

मूल घरात शिकवतं तेव्हा एक मोठी अडचण आपोआप सुटते, ती म्हणजे लाज. साठीच्या बाईला परक्या तरुण शिक्षकासमोर चुकायचं नसतं. सुनेने चूक काढली तर त्याचा अर्थ भलताच होतो. नातवाने काढली तर ती हसून पुन्हा गिरवते. नातवाची गंमत अशी की त्याला धीर नसतो. 'क' ला काना दिला की 'का', एवढं एकदा सांगितलं म्हणजे झालं, असं त्याला वाटतं. जोडाक्षरं आली की दोघांचाही धीर सुटतो. आकड्यांत उलटं: बाजारातला हिशेब आजी तोंडी चोख करते, नातू बोटं मोजत बसतो, पण तोच हिशेब एकक-दशकाच्या घरात मांडायचा म्हटलं की ती थबकते. आणि कितीतरी जणींची गाडी अक्षरांपाशी नाही, चाळिशीच्या चष्म्यापाशी अडते. चष्मा कुठल्याच प्रवेशिकेबरोबर, म्हणजे अक्षरओळखीच्या पुस्तकाबरोबर, येत नाही.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. कारण अगदी साधं होतं: म्हाताऱ्यांना पोथी स्वतः वाचायची होती. गुलाबी लुगडं हा गणवेश, दुपारी घरची कामं उरकल्यावर वर्ग, शिकवणारी गावातलीच सून. गृहपाठाला नातवंडं हाताशी होतीच.

'उल्लास'चा प्रवास इतका गोड झाला नाही. २०२३ मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार टाकला. अशैक्षणिक कामांच्या यादीत आणखी एक भर, हा त्यांचा आक्षेप. तो गैरलागू म्हणता येत नाही. निरक्षराची नोंद ॲपवर, स्वयंसेवकाची नोंद ॲपवर, मग दोघांची जोडणीही ॲपवर. साताऱ्यात जे गावाच्या इभ्रतीवर चाललं ते इथे शाळेच्या उद्दिष्टावर चालतं, आणि उद्दिष्टाला माहिती भरणारा माणूस लागतो. दुसरीकडे रेशन दुकानात सही येणाऱ्यालाही आता यंत्रावर अंगठाच ठेवावा लागतो. साठ वर्षं ज्या अंगठ्याशी भांडलो तो असा मागच्या दाराने परत आला.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३ टक्के होती. उरलेले लोक बहुतेक वयस्क, बायका, आदिवासी पाड्यांवरचे, ऊसतोडीला जाणारे. ऊसतोडीच्या घरातलं तर मूलच दिवाळीनंतर शाळेत नसतं. ते आईला काय शिकवणार? हंगामी वसतिगृहात राहिलं तर आई फडात आणि पोर गावात. या घरांसाठी 'घरच्या घरी शिकवणी' हा मार्ग निम्मं वर्ष बंदच असतो, आणि चाचणी मार्चमध्ये येते तेव्हा बऱ्याच टोळ्या अजून गावी परतलेल्या नसतात.