स्ट्रेन की ऑक्सिजनची तूट?

एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) पीक डावीकडे सरकला, म्हणजे अणूंच्या थरांमधलं उभं अंतर वाढलं, आणि चुंबकत्व बदललं, की 'लॅटिस स्ट्रेनमुळे' (अणूंच्या जालकावरच्या ताणामुळे) असं लिहून मोकळं व्हायचं. आमच्या सांगलीतल्या एम.एस्सी.च्या प्रकल्पांत हे फार दिसतं. पण ऑक्साइडच्या पातळ फिल्ममध्ये ऑक्सिजन कमी पडला तरी नेमकं हेच घडतं.

लँथॅनम स्ट्रॉन्शियम मँगनाइट हे चुंबकीय ऑक्साइड घ्या. त्याच्या एकक पेशीची बाजू साधारण ३.८८ अँगस्ट्रॉम, तर लँथॅनम ॲल्युमिनेटची ३.७९. अशा सबस्ट्रेटवर (खालच्या आधार-स्फटिकावर) एपिटॅक्सीने, म्हणजे त्याच्या जालकाशी जुळवून घेत, वाढलेली फिल्म आडवी आक्रसते आणि उभी ताणली जाते. मँगनीजभोवतीच्या ऑक्सिजनच्या चौकटीचा आकार बिघडतो, शेजारच्या मँगनीजवर उडी घेणं इलेक्ट्रॉनला जड जातं, आणि एरवी ३७० केल्विनच्या आसपास असणारं क्युरी तापमान (ज्याच्या वर फेरोमॅग्नेटिक चुंबकत्व नाहीसं होतं) उतरतं. शिवाय चुंबकनाची सोपी दिशा फिल्मच्या पृष्ठभागाला लंब होते. ही खूण महत्त्वाची, कारण नुसत्या तुटीत ती सहसा दिसत नाही.

तुटीची गोष्ट वेगळी. एक ऑक्सिजन निघून गेला की दोन इलेक्ट्रॉन मागे राहतात आणि दोन मँगनीज +४ वरून +३ वर येतात. हा आयन मोठा, म्हणून जालक फुगतं. पीक पुन्हा डावीकडे, क्युरी तापमान पुन्हा खाली!

मग ओळखायचं कसं? तीच फिल्म ३.९०५ अँगस्ट्रॉमच्या स्ट्रॉन्शियम टायटॅनेटवर वाढवा. इथे ती आडवी ओढली जाते, म्हणजे पीक उजवीकडे जायला हवा. इथेही डावीकडेच गेला, तर आधी ऑक्सिजनवर संशय घ्या. ऑक्सिजनमध्ये अनीलिंग केल्यावर, म्हणजे फिल्म तापवून ठेवल्यावर, पीक मागे फिरला, तर संशय बळावतो. उभ्या दिशेच्या एकाच मापावर मात्र विसंबू नका. आडवं अंतरही मोजा.

दोन्ही कारणं एकमेकांत गुंतलेलीही असतात. लँथॅनम कोबाल्टेट एरवी कमी तापमानाला अचुंबकीय, पण स्ट्रॉन्शियम टायटॅनेटवर ओढलेली त्याची फिल्म सुमारे ८५ केल्विनखाली फेरोमॅग्नेटिक होते. श्रेय स्ट्रेनचं की ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांचं, यावर बरीच वर्षं वाद झाला.

आपल्याकडच्या बहुतेक फिल्म स्प्रे पायरोलिसिसने, म्हणजे तापलेल्या पृष्ठभागावर द्रावण फवारून, काचेवर बनतात. काच अस्फटिक, तिला जालकच नाही, त्यामुळे तिच्या जालकाशी जुळवून घेताना फिल्मवर स्ट्रेन येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. थंड होताना काच आणि फिल्म वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, तेवढाच थोडा स्ट्रेन उरतो. तिथे पीक ठळक सरकलेला दिसला, तर आधी स्प्रेच्या द्रावणातलं प्रमाण आणि अनीलिंगची नोंद तपासावी.