पार्किन्सन मोजायचा कशावर?

अंगठ्यावर तर्जनी दहा वेळा आपटा, जमेल तितकी जलद, जमेल तितकी मोठी चिमटी उघडून. पार्किन्सन या हालचाली मंदावणाऱ्या मेंदूच्या आजाराच्या तपासणीत डॉक्टर हे करायला लावतात आणि 0 ते 4 गुण देतात. शाळेच्या उलट, इथे जास्त गुण म्हणजे वाईट.

1817 साली लंडनच्या जेम्स पार्किन्सननं सहा माणसांवरून या आजाराचं वर्णन लिहिलं. त्यातले काही त्याला रस्त्यातच दिसले होते. टप्पे पाडले गेले ते थेट 1967 मध्ये, मार्गारेट होन आणि मेल्विन यार यांच्याकडून. एकाच बाजूला त्रास तो पहिला, तोल जाऊ लागला की तिसरा, आधाराशिवाय खाटेवरून हलता येत नाही तो पाचवा. सोपं, पण फार ढोबळ. आमचे बाबा कागदोपत्री कित्येक वर्षं दुसऱ्याच टप्प्यात होते. तेवढ्या वर्षांत कालनिर्णयवर ते लिहीत असलेला दुधाचा हिशेब मात्र चौकोनभर आकड्यांवरून मुंगीएवढा झाला.

1980च्या दशकात मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघरी पाहणी झाली. 14,010 लोकांत 46 रुग्ण सापडले. आजार किती जणांना आहे, हे त्यातून कळलं. एकेकाचा किती वाढतोय, हा प्रश्न निराळा. त्यासाठी त्याच दशकात यूपीडीआरएस ही गुणपद्धत आली आणि 2008 मध्ये सुधारली गेली. आता नुसत्या हालचालींचेच 132 गुण आहेत.

खरी गोची औषधाची. लेवोडोपा हे यावरचं मुख्य औषध. ते लागू असताना एक गुण, उतरल्यावर दुसरे. 1989 मध्ये सेलेजिलीन या औषधानं लेवोडोपा सुरू करण्याची वेळ लांबते असं दिसलं. पण आजार मंदावला की लक्षणंच झाकली गेली, हे काही सुटं करता आलं नाही. आमच्याकडे तर डोंबिवलीहून निघालेली लोकल रखडली की गोळी उतरायची आणि बाबा दवाखान्यात पाय ओढतच शिरायचे. सहा महिन्यांची नोंद अशी एका सकाळवर ठरायची.

2023 मध्ये हजाराहून अधिक जणांच्या पाठीतल्या पाण्यात अल्फा-सिन्युक्लीन या, पार्किन्सनमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचा माग काढणारी चाचणी तपासली गेली. निदानाला ती मोठी मदत. आजार किती पुढे गेलाय, हे मात्र ती सांगत नाही. ते अजून चिमटीवरच बघायचं. सुधारित यूपीडीआरएसच्या कागदात शेवटची गोळी किती मिनिटांपूर्वी घेतली याचा रकाना आहे. पुढच्या खेपेला बाबांच्या गोळीची वेळ आम्ही लिहूनच नेणार आहोत.